लेकरू एकटं विमानानं धाडायचं असेल तर

"पोरगी काय पार्सल हाये का, सही करून इकडून तिकडं द्याले?"

माझ्या भाचीला नागपूरहून पुण्याला एकटीनं विमानात बसवायचं ठरलं तेव्हा माझ्या आईनं हे विचारलं. आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, तर दोन दिवस माझ्याशी बोलणंच टाकलं. पण आई चिडून जे बोलली, ते काम खरंच तसंच चालतं. जुन्या रजिस्टर पोस्टासारखं. लेकरू एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि प्रत्येक हाताचं नाव कागदावर असतं. नाव बरोबर असलं तर अडत काही नाही. नाव चुकलं तर काय होतं, ते पुढं सांगतो.

माझं तालुक्याच्या गावी ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीक विमा, रेल्वेची आणि विमानाची तिकिटं. लेकी-जावई पुण्याला किंवा बंगलोरला नोकरीवर, नातवंडं उन्हाळाभर आजोळी, असं आता गावागावात दिसतं. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटी उघडतात, पुण्याच्या मात्र जूनच्या मध्यालाच. म्हणजे आपल्याकडं पेरणीची धांदल सुरू होते नेमकी तेव्हाच लेकराला पोचवायचं असतं. ट्रॅव्हल्सनं रात्रभर जाणं आणि रात्रभर येणं कोणाला जमत नाही. मग दुकानात येऊन लोक हळू आवाजात विचारतात, "भाऊ, एकटं पाठवता येते का?" येतं.

आधी सोबत शोधा

कामाला लागण्याआधी आठ दिवस नात्यागोत्यात नि गावात विचारून बघा. त्या तारखेच्या आसपास पुण्याला विमानानं जाणारं ओळखीचं कोणी असलं, तर त्याच्याच तिकिटावर लेकराचं तिकीट काढा. त्याच्याच म्हणजे एकाच पीएनआरवर, एकाच बुकिंग नंबरवर. वेगवेगळी दोन तिकिटं काढून "शेजारी बसवून घेऊ" असं करू नका. १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईबाप किंवा पालकाजवळची सीट द्यावी, असं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे. सोबत येणारा मोठा माणूस हवा, म्हणजे १८ पूर्ण केलेला. कॉलेजात नुकतंच गेलेलं मामेभावाचं पोरगं चालणार नाही.

सोबत मिळाली तर वेगळा फॉर्मही नाही आणि वेगळी फीही नाही. तुमचं काम इथंच संपलं. नाही मिळाली तर पुढं वाचा.

वय किती, ते कागदावर मोजा

आपल्या देशातल्या कंपन्यांचा साधारण हिशेब असा: ५ वर्षं पूर्ण झालेलं आणि १२ पूर्ण न झालेलं मूल "अनअकम्पनिड मायनर" म्हणून एकटं जाऊ शकतं. दुकानात आम्ही त्याला नुसतं यूएम म्हणतो. पाचाच्या आतल्याला एकटं कोणीच घेत नाही. बारा झालेलं मूल मोठ्यासारखं जाऊ शकतं, पण पहिल्यांदाच विमानात बसत असेल तर त्याच्यासाठीही मदत मागता येते. मागाच.

वय प्रवासाच्या तारखेला मोजायचं, बुकिंगच्या नाही. आणि जन्मतारीख आधारवरची धरायची. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर १ जून आणि आधारवर दुसरीच तारीख, असा घोळ घराघरात असतो. तो आधी मिटवा.

वेबसाइटवर एकट्या मुलाचं तिकीट निघत नाही, म्हणून काही हुशार लोक जन्मसाल मागं ढकलून मोठ्याचं तिकीट काढतात. माझ्याकडंही एक जण असं तिकीट मोबाइलवर घेऊन आला होता, फक्त प्रिंट पाहिजे म्हणून. काउंटरवर आधार बघितलं की हे उघडं पडतं. तिकिटाचे पैसे तर जातातच, आणि लेकरू दारातून परत येतं.

कोणतं विमान धरायचं

थेट जाणारंच. मध्ये हैदराबादला किंवा मुंबईला बदलायचं विमान हजार रुपयांनी स्वस्त दिसलं तरी त्याच्याकडं बघू नका. बदलाच्या प्रवासात एकट्या मुलाला बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत. घेतलं तरी एका लेकरासाठी हातांची संख्या दुप्पट होते.

दिवसा उजेडाचं घ्या. दिवसातलं शेवटचं तर नकोच, कारण ते रद्द झालं तर पुढचं थेट सकाळी. आमच्या बाजूच्या माणसाला रात्री नागपुरात अडकणं म्हणजे लॉज शोधण्यापासून सुरुवात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडं पाठवत असाल तर सकाळचं लवकरचंही टाळा. तिकडच्या धुक्यानं विमानं तासन् तास लटकतात.

नागपूरहून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगलोर, हैदराबाद ही थेट ठिकाणं आहेत. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळाहूनही १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली. अमरावती, दर्यापूर, अचलपूर या बाजूच्या लोकांचा फेरा त्यानं वाचतो. पण तिथून निघणारं विमान छोटं आणि फेऱ्या मोजक्या. मनात असेल तर एकट्या मुलाला घेतात का आणि त्या दिवशी विमान आहे का, हे आधी विचारून घ्या.

बुकिंग: फोन लावा, कान उघडे ठेवा

यूएमचं तिकीट साधारणपणे कंपनीच्या कॉल सेंटरवरून किंवा विमानतळावरच्या तिकीट काउंटरवरून निघतं. एका विमानात अशी किती मुलं घ्यायची याला मर्यादा असते, म्हणून सुट्यांच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस आधी लागा. भाड्यात सवलत धरू नका. लेकराची स्वतंत्र सीट असते, आणि या सेवेची फी वेगळी. ती कंपनीगणिक बदलते.

फोन करताना आधार, वही आणि पेन समोर पाहिजे. शेतातून फोन लावू नका. रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. हे प्रश्न विचारून उत्तरं लिहूनच घ्या: फी एकूण किती? फॉर्म कुठून घ्यायचा आणि किती प्रती आणायच्या? किती तास आधी पोचायचं? घ्यायला येणाऱ्याचं एकच नाव चालतं की दुसरं पर्यायी नावही देता येतं? सोडायला येणाऱ्याला काउंटरपर्यंत आत कसं येऊ देतात? आणि शेवटी, फोन ठेवण्याआधी, "तिकिटावर यूएमची नोंद झाली का?" असं विचारून ती नोंद मेसेज किंवा मेलवर मागून घ्या. तोंडी "हो सर, झालं" यावर विसंबू नका.

नावाचं स्पेलिंग आधारवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्या नावात मध्ये बापाचं नाव असतं आणि आडनाव कधी पुढं, कधी मागं. त्यात घरी हाक मारायचं नाव तिसरंच. फोनवरच्या माणसाला "पिहू" सांगून मोकळे झालेले आबाजी मी पाहिले आहेत.

फॉर्म

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. या एका कागदावर तीन माणसं असतात: लेकरू, त्याला सोडणारा आणि त्याला घेणारा. दोन्ही मोठ्यांचं पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल, लेकराशी नातं. ओळखपत्राची झेरॉक्सही सोबत द्यावी लागते. खाली जबाबदारीची सही. दोन-तीन प्रती लागतात. चार काढून ठेवा, झेरॉक्सचे दोन रुपये गेले तर जाऊ द्या.

मोबाइल नंबर त्या दिवशी विमानतळावर उभा राहणाऱ्या माणसाचा द्यायचा. आमच्याकडं सवयीनं घरच्या कर्त्याचा नंबर देतात, आणि कर्ता त्या वेळी डवऱ्यामागं असतो, फोन बैलबंडीतल्या थैलीत. शिवाय अनोळखी नंबर दिसला की आपण तो लोनवाल्याचा समजून कापतो. त्या दिवशी प्रत्येक फोन उचला.

आता आमचं काय झालं ते. फॉर्मवर घेणारा म्हणून भाऊजींचं नाव होतं. विमान नागपूरहून वेळेवर सुटलं आणि तिकडं पुण्यात भाऊजींना कंपनीतून सुट्टी होईना. त्यांनी आपल्या मित्राला पाठवलं. भाचीचा रोजचा काका, शेजारच्याच बिल्डिंगमधला. पोरगी त्याला बघून हसली, हात केला. पण कर्मचारी बाईंनी त्याचं ओळखपत्र बघितलं, फॉर्म बघितला, आणि "सॉरी" म्हणाल्या. भाऊजींचा फोन लावून दिला, तरी नाही. व्हॉट्सअॅपवर चिठ्ठी पाठवली, तरी नाही. मी इकडून फोनवर त्या बाईंना नाही नाही ते बोललो. शेवटी भाऊजी स्वतः पोचले तेव्हा दीड तास होऊन गेला होता. तोवर पोरगी त्या बाईंच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होती.

दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि माझं मलाच कळलं. ओळखीचा चेहरा आणि हसणारी पोरगी एवढ्यावर त्यांनी लेकरू देऊन टाकलं असतं, तर उद्या कोणालाही दिलं असतं. चूक आमची होती. कंपनी पर्यायी नाव घेत असेल तर ते फॉर्म भरतानाच टाका. नंतर घेणारा बदलायची वेळ आलीच, तर विमान सुटण्याआधी, लेकरू अजून काउंटरजवळ असताना, सोडणाऱ्यानं तिथंच सांगून कागदावर बदल करून घ्यायचा. एकदा विमान उडालं की तो कागद दगडावरची रेघ समजा.

ओळखपत्र

आईबापासोबत जाणाऱ्या लहान मुलाचं वेगळं ओळखपत्र बघत नाहीत, एकट्या जाणाऱ्याचं बघतात. आधार मूळ न्या. सोबत जन्मदाखल्याची प्रत आणि शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र असू द्या. निळं बाल आधार असेल तर बघा, ते पाच वर्षांच्या आतलं असतं. पाचानंतर बोटांचे ठसे, डोळे आणि नवा फोटो घालून ते अपडेट करावं लागतं. हे काम उन्हाळ्याच्या आधी उरका. मे महिन्यात आधार केंद्रावर शाळेच्या प्रवेशांची रांग असते.

बॅग आणि आजीचा डबा

बॅग भरणं मामाचं काम असतं, पण ती भरते आजी. देशातल्या प्रवासात साधारण १५ किलो चेक-इन, म्हणजे काउंटरवर द्यायची बॅग, आणि ७ किलो हातात, हे तिकिटावर लिहिलेलं असतं. एकट्या मुलाला हातात एकच छोटी पाठीवरची बॅग द्या, त्याला स्वतः उचलता येईल एवढीच.

आमच्याकडं काय काय निघालं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. लाल तिखट आणि लोणचं हातातल्या बॅगेतून काढून ठेवतात, ते चेक-इनमध्ये आणि तेही घट्ट बांधून. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलानं ते पेट घेऊ शकतं म्हणून. आईला हे पटवायला अर्धा तास लागला. कंपासपेटीतलं कर्कटक, छोटी कात्री आणि जत्रेतली खेळण्याची बंदूक हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक दिलीच तर उलट हातातल्याच बॅगेत, चेक-इनमध्ये कधीच नाही. सरगुंडे, कुरड्या, सांडगे, संत्री यांना कोणी हात लावत नाही. सांबारवडीही गेली, एका डब्यात, आणि ती सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची, हे पुण्याच्या शेजाऱ्यांना समजावत बसायचं काम भाचीवर पडलं.

औषध लागणारं लेकरू असेल तर निघण्याआधी देऊन घ्या. विमानातले कर्मचारी औषध पाजण्याची जबाबदारी घेत नाहीत.

कागदांसाठी गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी स्टेशनरीच्या दुकानात मिळते. त्यात फॉर्मची प्रत, आधार, आणि एका कार्डावर मोठ्या अक्षरात सोडणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा नंबर. पैसे फार देऊ नका.

लेकराशी बोलणं

आठवडाभर आधीपासून रोज थोडं बोला. भाचीसोबत मी अंगणात खेळ केला. बाज, म्हणजे खाट, ती विमान, आबाजी म्हणजे सिक्युरिटीवाले, रुसवा तिथंच संपला. गळ्यातली पिशवी काढायची नाही. विमान कंपनीच्या गणवेशातल्या माणसाशिवाय कोणासोबत कुठं जायचं नाही, तो आपल्या गावचं नाव सांगत असला तरी. लघवीला जायचं, पाणी पाहिजे, भीती वाटते, हे मोठ्यानं सांगायचं. आपल्या पोट्ट्यांना मोठ्यांपुढं गप्प बसायची सवय लावलेली असते, त्या दिवसापुरती ती मोडावी लागते.

आणि कान. विमान उतरताना दडे बसतात, दुखतात, लेकरं घाबरून रडतात. तेव्हा घोट घोट पाणी प्यायचं, नाहीतर काही चघळायचं, हे आधीच सांगून ठेवा. माझ्या भाचीनं चिंचेची गोळी चघळली आणि शेजारच्या आजोबांनाही एक दिली.

निघायचा दिवस

देशातल्या विमानाचं चेक-इन साधारण तासभर आधी बंद होतं, पण यूएमचं वेब चेक-इन होत नाही, सगळं काउंटरवर. म्हणून तीन तास आधी तिथं असा. आमच्याकडून रस्ता चार-साडेचार तासांचा. दुपारच्या विमानासाठी पहाटेच निघावं, ऊनही टळतं.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडून येणाऱ्यांना एक सांगतो: तुमची गाडी बुटीबोरीवरून वर्धा रोडनंच शहरात शिरते आणि विमानतळ त्याच रस्त्याला सोनेगावला आहे. एसटीनं आलात तर गणेशपेठ स्टँडपर्यंत जाऊन पुन्हा मागं येऊ नका, कंडक्टरला सांगून वाटेतच उतरा आणि ऑटो करा. अमरावती, भंडारा किंवा उमरेड रोडनं येणाऱ्यांना शहर ओलांडावं लागतं. सीताबर्डीहून मेट्रो आहे, पण तिचं एअरपोर्ट स्टेशन रस्त्यावर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. बॅगा आणि लेकरू सोबत असताना हे ध्यानात ठेवा.

दारावर सीआयएसएफचा, म्हणजे विमानतळ राखणाऱ्या केंद्रीय दलाचा, जवान तिकीट आणि ओळखपत्र मागतो. तुमच्याकडं तिकीट नसतं, म्हणून तो तुम्हाला अडवणारच. वाद घालू नका. यूएम सोडायला आलो असं सांगा, फॉर्म दाखवा, आणि कंपनीनं फोनवर जसं सांगितलं तसा पास घ्या किंवा त्यांच्या माणसाला दारावर बोलवा. काउंटरवर फॉर्म तपासतात, फी बाकी असेल तर घेतात, बोर्डिंग पास देतात. मग एक कर्मचारी लेकराचा हात धरून सिक्युरिटीकडं नेतो. निरोप तिथंच, आणि तो लहान ठेवा. आजीला न्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही नेलं आणि पस्तावलो.

यानंतर जायचं नाही. विमान प्रत्यक्ष उडेपर्यंत सोडणाऱ्यानं विमानतळावरच थांबायचं असतं. पावणेचारची एसटी चुकते म्हणून लोक लेकरू आत गेलं की निघतात. धावपट्टीपर्यंत गेलेलं विमानसुद्धा परत येतं, आणि तसं झालं की लेकरू पुन्हा तुमच्याच हातात द्यायचं असतं. विमान सुटलं की सुटण्याची वेळ घेणाऱ्याला कळवा. नागपूर-पुणे हवेत सव्वा तासाच्या आसपास लागतो, तेवढ्यात पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये निम्मा रस्ताही होत नाही. त्यानं विमान सुटण्याआधीच घरून निघालेलं बरं.

तिकडे

लेकरू बहुतेक सगळे उतरल्यावर बाहेर येतं, त्याची बॅगही कर्मचारीच पट्ट्यावरून घेतो. म्हणून लोंढा निघून गेला आणि आपलं दिसत नाही, तर घाबरू नका. लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, गाडी एरोमॉलच्या पार्किंगमध्ये लावून चालत यावं लागतं, तो वेळ धरा. घेणाऱ्यानं मूळ ओळखपत्र खिशात ठेवावं, मोबाइलमधला फोटो नको. सही करण्याआधी गळ्यातल्या पिशवीत आधार आहे ना, तेवढं बघून घ्या. आमचं फॉर्मसोबत काउंटरवरच राहिलं होतं आणि ते परत मिळवायला दोन आठवडे गेले.

दिवाळीत लेकरू पुन्हा इकडं येणार असेल तर तो वेगळा प्रवास धरा. फोन नवा, फी नवी, फॉर्म नवा. यंदाचा सोडणारा तेव्हा घेणारा असतो, म्हणून जुन्या फॉर्मची झेरॉक्स वापरू नका.